ह्याच मशीनवर की अशाच मशीनवर?

वर्धा जिल्ह्यात ज्याच्या घरी म्हणून एखादी जुनी वस्तू आहे, त्याच्या घरी ती वस्तू गांधीजींपर्यंत नेऊन पोचवणारी एक गोष्टही असतेच. कुणाच्या पितळी तांब्यातून बापू पाणी प्यायले, कुणाच्या दमणीत बसून ते गेले, कुणाच्या आजीने कातलेलं सूत त्यांनी हातात घेऊन पाहिलं. यातल्या काही गोष्टी खऱ्याही असतील. १९३४ पासून वर्धा आणि ३० एप्रिल १९३६ पासून शेगाव, म्हणजे पुढचं सेवाग्राम, हेच त्यांचं घर होतं. इतकी वर्षं राहिलेला माणूस कुणाकडे तरी पाणी प्यायलाच असणार!

आमच्या घराण्यात जी गोष्ट आहे ती तांब्याची नाही, अँप्लिफायरची आहे. माझ्या धाकट्या काकांचं आर्वीला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. दोन पोंगे, एक मायक्रोफोन, तबकड्या वाजवायची पेटी आणि लोखंडी पेटाऱ्यात बसवलेला वीस-बावीस किलोचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचो. काका १९९८ साली गेले. मशीन चुलतभावाच्या घरी माळ्यावर होतं. मागच्या वर्षी पुतणीने ते खाली उतरवलं. ती पुण्याला इंजिनिअर आहे आणि घरातल्या जुन्या वस्तूंची तिला आमच्यापेक्षा जास्त काळजी आहे. गावच्या वाचनालयात २ ऑक्टोबरला एक छोटं प्रदर्शन भरायचं होतं. त्यात हे मशीन चालू स्थितीत ठेवायचं आणि त्यावर पाटी लावायची, 'या यंत्रावरून महात्मा गांधींनी भाषण केले', असं घरच्यांचं ठरलं. ती मला म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, पाटीचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. आणि आजोबांच्या दुकानात बसायचे ना तुम्ही, मग दुरुस्तीलाही या."

दोन्ही कामं अंगावर आली. ती एकमेकांत कशी गुंतत गेली तेच आज सांगायचं आहे. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, अर्ध्यावर रागावू नये!

आधी थोडा इतिहास. गांधीजींचा आवाज बारीक होता. लाखाची सभा आणि तो आवाज, याचा मेळ विजेच्या यंत्राने घातला. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या मोठ्या अधिवेशनांना आणि सभांना लाउडस्पीकर पुरवण्याचं काम मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीने केलं. नाव शिकागो, माणसं सिंधची! जुन्या फोटोंत नेत्यांच्या तोंडापुढच्या मायक्रोफोनवर हे नाव दिसतं. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. मग लाउडस्पीकरची जागा चोरट्या रेडिओने घेतली. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईत जागा बदलत बदलत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला आणि शेजारच्या चिमूरला १६ ऑगस्टला जे घडलं आणि त्यानंतर तिथे जे अत्याचार झाले, त्यांची हकिगत वर्तमानपत्रांवर बंधनं असताना या रेडिओने देशाला सांगितली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात नानक मोटवाने हेही आरोपी होते, ते सुटले.

म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर ही आपल्या इतिहासातली किरकोळ चीज नाही. गांधीजी बोलले ते अशाच यंत्रांमधून बोलले. प्रश्न एवढाच, की आमच्या माळ्यावरचं यंत्र त्यांपैकी एक होतं का?

त्याचं उत्तर शोधायला पेटारा उघडावाच लागणार होता. मेकॅनिकचं काम करून निवृत्त झालेले हिंगणघाटचे माझे एक मित्र मदतीला आले. ज्यांच्या घरी असं जुनं मशीन किंवा रेडिओ असेल त्यांना हात जोडून विनंती, तो थेट प्लगमध्ये घालू नका. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो दबा धरून बसतो. काका म्हणायचे, एक हात कामात, दुसरा खिशात. आम्हीही आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून मशीन हळूहळू जागं केलं. आत बिघाड असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं.

बिघाड समजायला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. काचेच्या नळीत मधोमध तापणारा कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, ती त्यांना ओढते. मधे ग्रिड नावाची जाळी. या जाळीवर कायम थोडा उणे दाब ठेवतात, त्याला बायस म्हणतात. काका ते बैलांवरून समजावायचे. बैल नुसता उभा असला तरी कासरा हातात थोडा ताणलेलाच पाहिजे. सैल सोडला तर बैल उधळतो, फार ओढला तर पाऊल उचलत नाही. बायस म्हणजे उभ्या बैलाचा कासरा. तो सैल पडला की व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा जास्त करंट वाहतो, प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह जळतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. व्हॉल्व्ह आजही मिळतो. तसा ट्रान्सफॉर्मर मात्र मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

या मशीनमध्ये ईएल ३४ जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. समोर एक छोटा काट्याचा मीटर आणि शेजारी बटण. बटण डावीकडे फिरवलं की डाव्या व्हॉल्व्हचा करंट, उजवीकडे फिरवलं की उजव्याचा. प्रत्येकाच्या कॅथोडला दहा ओमचा एक रेझिस्टन्स आहे. त्यावर पडणारा दाब मोजून मीटर करंट दाखवतो. दोन्हीकडे ४५ मिलिअँपिअरच्या आसपास काटा आला म्हणजे सगळं ठीक.

काटा डावीकडे बरोबर ४५ वर आला. उजवीकडे ७२! पुतणी लगेच म्हणाली, "उजवा व्हॉल्व्ह गेला." चूक तिची नव्हती. मधल्या काळात कुण्या मेकॅनिकनेही तेच म्हटलेलं असावं, कारण उजवा व्हॉल्व्ह बदलल्याच्या दोन नोंदी आत चिकटवलेल्या होत्या. पण माझे मित्र मीटरकडे बघतच नव्हते. त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि म्हणाले, आता बघा. ज्याचा आकडा वाईट होता तो उजवा व्हॉल्व्ह शांत होता. ज्याचा आकडा अगदी पुस्तकातल्यासारखा होता, त्या डाव्याची प्लेट मात्र चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल व्हायला लागली होती. आम्ही ताबडतोब मशीन बंद केलं.

काकांचं एक वाक्य मला तेव्हा आठवलं. ते आमच्या वऱ्हाडीतच लिहितो. "काटा खरं बोलते का नाही, हे काट्याले नको इचारू."

मग ओळीने तपास. मशीन बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, आधी मीटरचीच उलटतपासणी घेतली. उजव्या बाजूचा दहा ओमचा रेझिस्टन्स वर्षानुवर्षं तापून सोळा ओमचा झाला होता. करंट खरा ४५, पण सोळाने गुणल्यामुळे मीटर ७२ दाखवत होता. डाव्या बाजूचा रेझिस्टन्स ठीक होता, पण बटणाच्या त्या बाजूचा पत्रा काळा पडला होता. त्या काळेपणातच हजार ओमचा अडथळा झाला होता आणि काट्यापर्यंत निम्माच दाब पोचत होता. म्हणजे डावीकडे खरे ९० मिलिअँपिअर वाहत होते आणि मीटर ४५ दाखवत होता. हिशोब करा. ४३० व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर म्हणजे जवळजवळ ३९ वॉट, आणि या व्हॉल्व्हच्या प्लेटला झेपतात २५. मीटरने निर्दोष व्हॉल्व्हला दोनदा फाशी दिली होती आणि दोषी बाजूला चांगल्या वर्तणुकीचा दाखला!

पण डावीकडे करंट जास्त का? दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, डावीकडेच राहिली. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, जागा दोषी. मग ग्रिडवरचा बायस मोजला. उजवीकडे उणे ३५, डावीकडे उणे २९. कासरा सहा व्होल्टने सैल! कारण निघालं एक छोटासा कागदी कंडेन्सर. आधीच्या टप्प्यातला आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि तिथला अडीचशे व्होल्टचा स्थिर दाब मात्र अडवायचा, हे त्याचं काम. म्हातारपणी तो झिरपायला लागला होता. एवढीशी गळती ग्रिडचा उणेपणा खात होती. नवा कंडेन्सर, नवा रेझिस्टन्स आणि बटणाची सफाई, एवढ्यावर काम झालं. नंतर काट्यावर विसंबून न राहता दोन्ही कॅथोडवर दुसऱ्या मीटरने पडताळलं. ४४ आणि ४५.

आता इतिहासाकडे येतो, कारण झाकणाच्या आत आम्हाला काकांच्या पेन्सिलीच्या नोंदी सापडल्या. त्यांत एक ओळ अशी होती, 'ग्रिड दोन्हीकडे उणे ७, ठीक.' पुतणी चमकली. उणे ३६ हवेत तिथे उणे ७ असते तर हे व्हॉल्व्ह काही मिनिटांत गेले असते. "आजोबांचं काही तरी चुकलंच असणार," ती म्हणाली. मी म्हटलं, थांब. काकांचा मीटर कुठला होता? तो चुलतभावाकडे अजून आहे. जुना काट्याचा, दर व्होल्टला हजार ओमचा. तो पन्नास व्होल्टवर ठेवला की त्याचा स्वतःचा अडथळा फक्त पन्नास हजार ओम. आणि ग्रिडपर्यंत बायस पोचतो तो दोन लाख वीस हजार ओममधून. असा मीटर लावला की मोजायचा दाब तोच पिऊन टाकतो. ३६ गुणिले ५०, भागिले २७०. उत्तर येतं ६.७, म्हणजे सात! आजचा डिजिटल मीटर एक कोटी ओमचा, म्हणून तो ३५ दाखवतो. काकांनी जे पाहिलं तेच लिहिलं आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत हे बघून 'ठीक' म्हटलं. नोंद खरी होती. ती कुठल्या मापाने घेतली हे ठाऊक नसेल तर मात्र ती खोटी वाटते. तीस वर्षं मुलांना साधनांची चिकित्सा शिकवली, पण तिचं इतकं चोख उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं.

मग तीच चिकित्सा आमच्या घरच्या गोष्टीला लावणं भाग होतं.

ईएल ३४ हा व्हॉल्व्ह १९४९ च्या सुमाराचा. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. त्याची आठ पायांची बैठक १९३६ मध्ये आलेल्या ६ एल ६ या व्हॉल्व्हसारखीच असते, त्यामुळे जुन्या मशीनमध्ये नंतर कुणी बदलून बसवला असं म्हणायला जागा राहते. व्हॉल्व्ह बदलतात, पत्रा बदलत नाही. म्हणून पत्रा पाहिला. पुढच्या टप्प्यात ईसीसी ८३ आहे. तो नऊ पायांचा, लहान. त्या जातीची नऊ पायांची बैठकच महायुद्धानंतरची आणि हा व्हॉल्व्ह अमेरिकेत १२ एएक्स ७ या नावाने १९४७ साली आला. आमच्या पत्र्याला त्या बैठकीची भोकं मुळातच पाडलेली आहेत. कारखान्याचे रिव्हेट जागचे हललेले नाहीत, आणि जुनं मोठं भोक बुजवल्याची खूण कुठे नाही. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून गेले ते परत आले नाहीत. आणि झाकणातली पहिली नोंद रेझिस्टन्सच्या किमतीची आहे, 'न.पै. ४०'. नवे पैसे चालू झाले १ एप्रिल १९५७ ला आणि त्यातला 'नवे' हा शब्द गळला १९६४ मध्ये. दुकान निघालं १९५८ साली. सगळे काटे एकाच जागी येतात.

या मशीनवर गांधीजी बोललेले नाहीत.

चुलतभावाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "म्हणजे बाबा खोटं बोलायचे?" नाही! हे मला ठामपणे लिहायचं आहे, कारण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी त्या दुकानात बसलेलो आहे आणि ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. दहा-अकरा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर वर्ध्याला एका सभेत गेले होते. लाउडस्पीकरवाल्याने त्यांना बॅटरीजवळ बसायला सांगितलं होतं, बापूंचा आवाज आधी पेटीत आणि मग पोंग्यात कसा जातो ते त्यांनी तिथे बसून पाहिलं होतं, आणि याच धंद्यात पडायचं हे त्या दिवशी ठरवलं होतं. गिऱ्हाइकाला मशीन दाखवताना ते म्हणायचे, "अशाच मशीनवर गांधीजी बोलले." अशाच. ते गेल्यावर कधीतरी, कुठल्या तरी लग्नात किंवा तेरवीत, 'अशाच'चं 'ह्याच' झालं. ते कुणी मुद्दाम केलं नाही. ऐकायला बरं वाटलं म्हणून कुणी तपासलंही नाही. डावीकडचा ४५ चा आकडा तरी कुणी तपासला होता?

मग या मशीनवर बोललं कोण? काकांच्या भाड्याच्या वहीत ते आहे. लग्नं, गणपती, पोळा, शाळांची गॅदरिंगं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचे कार्यक्रम गावोगावी व्हायचे, त्यांना पोंगा काकांचा. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी दोन ठिकाणी भाडं, आणि १९६२ ला चीनच्या युद्धात संरक्षण निधीची सभा, तिथे रकान्यात 'पैसे घेतले नाहीत'. २७ मे १९६४ ची नोंद तर मी स्वतः पाहिलेल्या प्रसंगाची आहे. पंडितजी गेल्याची बातमी आली तेव्हा फार थोड्या घरांत रेडिओ होता आणि त्यालाही पोस्टातून लायसन काढावं लागे. काकांनी दुकानातला रेडिओ या मशीनला जोडला आणि पोंगा चौकाकडे फिरवला. सारा चौक उन्हात उभा राहून ऐकत होता. त्या नोंदीपुढेही भाड्याचा आकडा नाही.

वाचनालयासाठी मी पाटीचा मजकूर असा लिहून दिला: 'व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, १९५८ च्या सुमाराचा. आर्वी परिसरातल्या सभा, भजनं, लग्नं आणि रेडिओच्या बातम्या याच्यामधून लोकांनी ऐकल्या. याच्या मालकाने लहानपणी गांधीजींची सभा ऐकली होती, अशाच एका यंत्रावरून.' घरात त्यावर दोन दिवस बोलणं झालं. एकजण म्हणाले, कोण तपासायला येतंय? शेवटी पुतणी म्हणाली, "आजोबांनी फुकट दिलेली मशीनची भाडी पाटीवर आली तर मला जास्त आवडेल." तेही एका ओळीत घातलं.

असो. मंडळी, तुमच्याकडे असं जुनं यंत्र असेल तर व्हॉल्व्हवरचं नाव बघून थांबू नका. बैठका, रिव्हेट आणि आतल्या नोंदी बघा. मीटर असेल तर आधी मीटरच तपासा. आणि काकांच्या भाड्याच्या वहीचा १९६५ नंतरचा भाग आमच्याकडे नाही. नात्यात कुणाच्या ट्रंकेत तो असेल तर तेवढं जरूर कळवा. रद्दीत देऊ नका.